लेकराच्या डोक्याच्या बुडाशी गाठ : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात याच पानावर मी एवढंच लिहिलं होतं की लहान मुलाची डोकेदुखी, सकाळच्या उलट्या आणि नजर कमी होणं हे एकत्र दिसलं तर नुसता चष्मा बदलत बसू नका, कवटीच्या तळाशी गाठ असू शकते. त्यावर पत्रं आली, व्हाट्सअपवर एमआरआयचे फोटोही आले (फोटोवरून मी मत देत नाही, राग मानू नका). नावं आणि गावं काढून फक्त तालुका ठेवलाय. ज्यांना कवटीचा तळ म्हणजे नेमकं काय ते कळलं नाही त्यांच्यासाठी, नाकाच्या मागे आणि मेंदूच्या खाली जी हाडाची जमीन आहे ना ती. डोळ्याच्या नसा, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, पिट्युटरी ग्रंथी (शरीरातल्या हार्मोनची मुख्य ग्रंथी), सगळं तिथंच दाटीवाटीनं असतं आणि म्हणून तिथली गाठ कॅन्सरची नसली तरी डोक्याला ताप देते.

घाटंजी तालुका, एक आई : माझी पोरगी ९ वर्षाची आहे. वर्षभरापासून डोकं दुखते म्हणे, चष्मा केला, मग दुसरा केला, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मॅडमनं पुढच्या बाकावर बसवलं. पाणी लय पिते, रात्री तीन-चार खेपा उठते, आम्हाले वाटलं उन्हाळा आहे म्हणून. नागपूरले एमआरआय केला तर क्रेनिओफॅरिंजिओमा म्हणून राहिले. एक डॉक्टर म्हणते पूर्ण काढून टाकू, दुसरे म्हणते थोडी ठेवू अन लाईट देऊ. गाठ आहे तर पूर्ण काहून नाही काढत? कोणाचं ऐकू?

ताई, आधी एक गोष्ट, ही गाठ कॅन्सर नाही. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही. ५ ते १४ या वयात ती जास्त सापडते, जन्माआधी पिट्युटरी तयार होताना ज्या पेशी मागे राहून जातात त्यातून ती वाढते, त्यामुळे तुम्ही काही खायला घातलं किंवा नाही घातलं याच्याशी तिचा काही संबंध नाही. पण जागा वाईट आहे. वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात, खाली पिट्युटरी, आणि मागे-वर हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूचा तो छोटासा भाग जो भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान सांभाळतो. गाठीत बऱ्याचदा पाण्याची पिशवी असते आणि त्यातलं पाणी मोटारसायकलच्या जुन्या ऑईलसारखं काळपट, घट्ट असतं. मुलांमध्ये गाठीत चुना पण साचलेला असतो, तो एमआरआयपेक्षा सिटी स्कॅनमध्ये चांगला दिसतो, म्हणून दोन्ही काढायला लावले तर लुटताहेत असं समजू नका.

आता तुमच्या पोरीचं सगळं जुळवून बघा. नसा जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं दाब आला की बाजूचं दिसणं जातं, समोरचं बरेच दिवस ठीक राहतं. अशी मुलं दाराच्या चौकटीला खांदा धडकवतात, ताटातल्या कडेच्या वाटीला हात लागून ती सांडते, आणि घरचे म्हणतात धांदरट आहे. चष्म्याच्या नंबरानं हे सुधारत नाही. पाणी जास्त पिणं आणि लघवीला उठणं हे सुद्धा गाठीचंच, कारण लघवी रोखून धरायचा संदेश जिथून जातो तिथंच दाब आहे. आपल्याकडे ४५ डिग्रीत सगळेच पाणी पितात हो, पण धडधाकट पोरगं रात्री झोपेतून उठून उठून तांब्याभर पाणी पीत नाही. आणि उंची विचारा स्वतःला, दोन वर्षांपूर्वीचा शाळेचा फ्रॉक अजून बरोबर बसतो का? बसत असेल तर ते कपडे जपून वापरल्यामुळे नाही, तिची वाढ थांबली आहे.

राहिला मुख्य प्रश्न. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात म्हणजे एक खोटा आहे असं नाही. पूर्वी, म्हणजे आधीच्या पिढीतल्या सर्जन लोकांचा कल पूर्ण काढायचा होता, काढलीच पाहिजे, एक कण ठेवायचा नाही. गाठ जायची, पण हायपोथॅलॅमसला चिकटलेला भाग खरवडून काढला की लेकरू जगायचं आणि मग त्याची भूकच थांबायची नाही, वजन दोन-तीन वर्षांत दुप्पट, दिवसा झोप, रात्री जाग, कालचं आज आठवत नाही. जगभर हे बघून झाल्यावर विचार बदलला. आता आधी एमआरआयवर बघतात की गाठ हायपोथॅलॅमसला नुसती टेकली आहे की त्यात घुसली आहे. नुसती टेकली असेल, वेगळी होत असेल तर पूर्ण काढायचा प्रयत्न योग्यच. घुसली असेल तर नसांवरचा दाब मोकळा करायचा, पिशवीतलं पाणी काढायचं, चिकटलेला भाग तसाच ठेवायचा आणि नंतर शेक द्यायचा (तुम्ही लाईट म्हणता तोच, म्हणजे रेडिएशन), तो साधारण ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा, "हायपोथॅलॅमस किती धरलाय, आणि पूर्ण काढली तर तिच्या भुकेचं आणि नजरेचं काय होईल?" जो डॉक्टर या प्रश्नाला एमआरआयची फिल्म उजेडावर लावून पाच मिनिटं समजावून सांगेल त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसेल, मग तो पूर्ण काढतो म्हणो की थोडी ठेवतो म्हणो. माझं स्वतःचं मत विचाराल तर ९ वर्षाच्या पोरीला अजून पन्नास-साठ वर्षं काढायची आहेत, ऑपरेशननंतरचा एमआरआय एकदम स्वच्छ यावा यापेक्षा ती शाळेत बसू शकावी याला मी जास्त किंमत देईन.

थोडी ठेवली तर परत वाढेल का, हो, वाढू शकते, पूर्ण काढलेली सुद्धा परत येऊ शकते. म्हणून शेक, आणि म्हणून वर्षानुवर्षं एमआरआय. प्रोटॉन नावाचा शेक ऐकला असेल, त्यात किरण गाठीपर्यंत जाऊन थांबतात आणि पलीकडचा मेंदू वाचतो, वाढत्या मुलांना त्याचा फायदा आहे. चेन्नईला खाजगीत तो २०१९ पासून आहे आणि टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात २०२३ पासून. सगळ्यांना तो लागतोच असं नाही, साध्या चांगल्या मशीनवरही काम होतं, पण एकदा विचारून घ्या. धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई एका रात्रीची आहे.

नाकातून होईल की डोकं उघडावं लागेल हे गाठ कुठं बसली यावर आहे. मधोमध आणि खाली असेल तर नाकातून दुर्बिणीनं, फार वर किंवा बाजूला सरकलेली असेल तर कवटी उघडून. नाकातून म्हणजे छोटं ऑपरेशन असं मात्र डोक्यातून काढून टाका, ते तितकंच मोठं असतं, फक्त वरून चिरा दिसत नाही. आणि ऑपरेशनच्या आधी रक्तातले हार्मोन, सोडियम, डोळ्याची फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ती तपासणी) झालीच पाहिजे. कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, कमी असेल तर स्टेरॉईड आधी सुरू करतात, थायरॉईडची गोळी त्याच्यानंतर, हा क्रम उलटा झाला तर लेकरू धोक्यात येतं.

यात एकच घाई आहे. नजर आठवड्या-आठवड्याला कमी होत असेल, किंवा उलट्या वाढून पोरगी सुस्त पडत असेल तर मेंदूतलं पाणी अडलं असं समजा आणि पेरणी, लग्न, काही बघू नका, लगेच भरती करा.

सिंदेवाही तालुका, मुलाचे काका : पुतण्या १४ वर्षाचा. दर आठ-पंधरा दिवसाला नाकाचा घोळणा फुटते, एका बाजूनं नाक बंदच असते. कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी घातलं. इथल्या दवाखान्यात म्हणाले नाकात मांस वाढलं, तुकडा काढून तपासू. काढावं का?

नाही. नाही म्हणजे नाहीच, आधी स्कॅन.

वयात येणारा मुलगा, एकच नाकपुडी बंद, आणि परत परत रक्त, हे तीन एकत्र आले की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते अँजिओफायब्रोमा. ही गाठ जवळपास फक्त मुलग्यांनाच होते. कॅन्सर नाही, पण ती म्हणजे रक्तवाहिन्यांचा गोळाच असतो आणि या वाहिन्यांच्या भिंतीत आकुंचन पावायला स्नायू धड नसतो, त्यामुळे तुकडा काढायला चिमटा लावला की रक्त थांबता थांबत नाही. तालुक्याच्या ओपीडीत खुर्चीवर बसवून ते करायचं काम नाही. कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन काढलेला) सिटी आणि एमआरआय यावरूनच निदान होतं, बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, लागत नाही. तिथल्या डॉक्टरांना वाईट वाटू देऊ नका, साध्या पॉलिपला, म्हणजे नाकात वाढलेल्या साध्या मांसाला, तुकडा काढणं चालतं, मुलाचं वय आणि रक्त बघून थांबायचं असतं एवढंच.

ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी जांघेतून बारीक नळी घालून गाठीला रक्त देणारी वाहिनी आतून बंद करतात, त्याला एम्बोलायझेशन म्हणतात. मग दुर्बिणीनं नाकातून गाठ काढतात. पूर्वी यासाठी नाकाच्या बाजूनं चेहरा कापायचे किंवा वरच्या ओठाच्या आतून चेहऱ्याची कातडी उचलायचे, आता फार पसरलेली गाठ सोडली तर तशी गरज पडत नाही. म्हणून जिथं नेताय तिथं पहिल्यांदा हे विचारा की रक्तवाहिनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट त्याच दवाखान्यात आहे का. नसेल तर दुसरं ठिकाण बघा.

आता एक गोष्ट जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकात पुढं लिहिलेली नसते. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, अमरावती, आपल्या या सगळ्या पट्ट्यात सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकणारा आनुवंशिक आजार. बेशुद्ध करण्याच्या आधी पोराची सिकलसेल तपासणी झालीच पाहिजे, आणि नुसती सोल्युबिलिटी (पहिली साधी चाचणी) पॉझिटिव्ह आली म्हणून थांबायचं नाही, पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक आहे की रुग्ण ते नक्की करायचं. वाहक असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही. रुग्ण असेल तरी ऑपरेशन होतं, पण आधी रक्त लावून तयारी, सलाईननं अंगात पाणी भरपूर, ऑपरेशनच्या खोलीत अंग गार पडू न देणं, ऑक्सिजन कमी न होऊ देणं, हे सगळं ठरवून करावं लागतं, आणि रक्तपेढीला आधी कळवावं लागतं. शाळेत तपासणी होऊन कार्ड मिळालं असेल तर ते कपाटातून काढून फाईलला लावा. डॉक्टरनं विचारायची वाट बघू नका.

तोवर घोळणा फुटला तर पोराला आडवं झोपवू नका, मान मागे करू नका. बसवा, थोडं पुढं वाकवा, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट दाबून धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं, मधेच सोडून बघायचं नाही, तोंडानं श्वास. कांदा राहू द्या भाजीत. दहा-वीस मिनिटांत थांबलं नाही तर ग्रामीण रुग्णालय. ही गाठ काढल्यानंतरही परत येऊ शकते, बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच, त्यामुळे ऑपरेशननंतर सांगितलेला एमआरआय चुकवायचा नाही, घोळणा बंद झाला म्हणजे झालं असं नसतं.

मेहकर तालुका : मुलगा ४ वर्षाचा, नाकातून ऑपरेशन सांगितलं. एवढंसं नाक, त्यातून कसं करतील? आणि मोठेपणी नाक वाकडं होईल का?

प्रश्न एकदम बरोबर आहे. मोठ्या माणसात नाकाच्या मागे हाडात एक पोकळी असते, तिच्यातून सरळ पिट्युटरीपर्यंत जाता येतं. लहान मुलात ती पोकळी तयारच झालेली नसते, ती दोन-तीन वर्षांच्या वयापासून हळूहळू बनायला लागते आणि वयात येईपर्यंत बनत राहते. म्हणजे ४ वर्षाच्या पोरात तिथं अजून बरंचसं भरीव हाड असतं, ते ड्रिलनं कोरत जावं लागतं, आणि दोन्ही बाजूंनी मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या अगदी जवळ. म्हणून नेव्हिगेशन लागतं, म्हणजे स्कॅनच्या नकाशावर हत्यार आत्ता कुठं आहे ते स्क्रीनवर दिसतं. दुर्बिणी आणि हत्यारं बारीक वापरतात, एक नाकाचा सर्जन आणि एक मेंदूचा सर्जन, दोघं एकाच वेळी, दोन्ही नाकपुड्यांतून. दोघांना एकत्र काम करायची सवय पाहिजे, हे मी परत परत सांगतो कारण लोक मशीन कोणतं आहे ते विचारतात आणि हे विचारायचं सोडतात. लहान मुलांचे हे ऑपरेशन वर्षाला किती करता, हे पण विचारा, त्यात डॉक्टरचा अपमान काही नाही.

चेहऱ्याची वाढ, तर आतापर्यंतच्या अनुभवात दुर्बिणीनं केलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर मोठा फरक पडलेला दिसत नाही. चिंता सोडा असं नाही म्हणत, पण गाठीच्या चिंतेपुढं ही चिंता खाली ठेवा.

धारणी तालुका, जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक : आमच्या वर्गातल्या मुलाचं नागपूरला डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता तो शाळेत येतोय. सारखी लघवीला सुट्टी मागतो, खिचडी तीन-तीनदा घेतो, दुसऱ्याच्या डब्याला हात घालतो, खूप जाड झालाय, वर्गात झोपतो. घरचे कोरकू, मजुरीला जातात, कागदपत्रं दाखवतात पण त्यांना फारसं सांगता येत नाही. मी काय करावं?

सर, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं, कारण ऑपरेशन करणारे आम्ही टाके काढून मोकळे होतो, पुढचं सगळं शाळेत आणि घरात घडतं.

तो हावरट नाही. पोट भरलं हे सांगणारी मेंदूतली जागाच दुखावली आहे, त्याला जेवून उठल्यावर सुद्धा खरंच भूक लागलेली असते. मारून, लाजवून, पोरांसमोर बोलून हे जाणार नाही, उलट तो चोरून खाईल. खिचडी एकदाच वाढा पण ठरलेली, ताट भरून, वर काकडी-गाजर जे असेल ते, आणि डबे त्याच्या नजरेसमोर ठेवू नका. खेळायला मात्र लावा, धावता नाही आलं तरी चालायला. दुपारी झोप येते ती पण त्याच कारणानं, त्याला कठीण विषय सकाळी द्या.

लघवीला कधीही जाऊ द्या, परवानगी न मागता. आणि पाण्याची बाटली बाकावरच. त्याला डेस्मोप्रेसिनची गोळी चालू असेल, कागदावर बघा. ती गोळी लघवी रोखते. यात दोन्ही बाजूंनी धोका आहे. गोळी चुकली आणि धारणीच्या मे महिन्यात पाणी मिळालं नाही तर अंगातलं पाणी झपाट्यानं संपतं. उलट गोळी घेतलेली असताना कोणी प्रेमानं तांब्यावर तांब्या पाणी पाजलं तर ते बाहेर पडत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, पोरगं गुंगतं, झटका पण येऊ शकतो. म्हणून तहानेप्रमाणे पाणी, जबरदस्ती नाही. पुढच्या गोळीच्या आधी एकदा भरपूर लघवी होऊन जावी असं बहुतेक डॉक्टर सांगतात, ते आईला समजेल अशा भाषेत सांगा, जमलं तर वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलीकडून कोरकूतच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याला हायड्रोकॉर्टिसोन नावाची स्टेरॉईडची गोळी असेल तर ती एक दिवसही बंद करायची नाही. लोक स्टेरॉईड शब्द ऐकून घाबरतात आणि कोणीतरी शेजारी सांगतो की बंद कर, त्यानंच जाड झाला. हे शरीर जे स्टेरॉईड रोज स्वतः बनवतं तेवढंच बाहेरून देणं चाललंय, ते नसेल तर साध्या तापात सुद्धा बीपी पडून मूल दगावू शकतं. ताप आला, हगवण लागली, हात मोडला, अशा वेळी डोस दुप्पट किंवा तिप्पट करतात, किती ते त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. गोळी घेतली आणि उलटून पडली, परत दिली परत उलटली, तर घरी थांबायचं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. तिथं ड्युटीवर कोण असेल सांगता येत नाही म्हणून एक चिठ्ठी करून घ्या मराठीत, "याला स्टेरॉईडची कायमची गरज आहे, उलट्या किंवा बेशुद्धी असेल तर आधी हे इंजेक्शन द्या, मग बाकीचं", खाली डोस, डॉक्टरची सही, शिक्का. लॅमिनेशन करून एक दप्तरात, एक घरी, एक तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. पोळ्याला, दिवाळीला गावी जातील तेव्हा गोळ्या संपलेल्या नाहीत ना ते तेवढं विचारत जा, तालुक्याच्या मेडिकलवर ही औषधं लगेच मिळत नाहीत, मागवावी लागतात.

उंचीच्या इंजेक्शनचा, म्हणजे वाढीच्या हार्मोनचा, विचार सहसा गाठ वर्षभर शांत राहिल्यावर करतात, तो त्यांच्या फाईलमध्ये पुढं येईलच.

हिंगणघाट तालुका : मुलगी ५ वर्षाची, गाल सुजला, एका कानातून पाणी, डोळा थोडा बाहेर. तुकडा तपासला, रॅब्डोमायोसार्कोमा निघाला. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नाही, केमो आणि लाईट. गाठ आत ठेवून सुया देतात हे टाळाटाळ वाटते.

टाळाटाळ नाही. वरच्या दोन गाठी आणि ही गाठ यांच्यात मोठा फरक आहे, ही कॅन्सरची आहे पण केमोला चांगली वितळते. कवटीच्या तळाशी असताना चाकूनं तिच्या सगळ्या कडा मोकळ्या करायच्या तर डोळा, चेहऱ्याच्या नसा, सगळं घालवावं लागेल आणि तरी काही राहीलच. म्हणून जगभर पद्धत हीच, तुकडा काढून निदान पक्कं करायचं, मग केमो, मधे शेक, आणि ऑपरेशन लागलंच तर शेवटी उरलेल्यासाठी. उपचार बरेच महिने चालतात, साधारण वर्ष धरून चला. यात खरा शत्रू म्हणजे मधेच सोडून देणं, केमोच्या दोन फेऱ्यांनंतर गाल उतरतो, पोरगी खेळायला लागते, आणि घरचे म्हणतात बरी झाली. नाही झालेली. पूर्ण करा.

अशा अजून काही गाठी आहेत ज्यात चाकू दुसऱ्या नंबरावर असतो. पिट्युटरीची प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन बनवणारी गाठ बऱ्याचदा गोळ्यांनीच लहान होते, जर्मिनोमा नावाची मेंदूतली गाठ असते, तो शेक आणि केमोला विरघळतो आणि रक्ताच्या तपासणीतून त्याचा माग लागू शकतो. त्यामुळे "ऑपरेशन कधी" हे विचारायच्या आधी "गाठ कोणती" हे विचारा.

थोडक्यात विचारलेले : कपाशीच्या फवारणीमुळे किंवा मोबाईलमुळे झालं का, असं खूप जणांनी विचारलं. या गाठींचा त्यांच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही, फवारणीपासून पोरं लांब ठेवा पण त्याची कारणं वेगळी आहेत. कोणी करणी केली का, नाही हो. दारव्हा तालुक्यातून विचारलंय की तान्ह्या बाळाच्या नाकाच्या मुळाशी मऊ फुगवटा आहे, रडलं की मोठा होतो, सुईनं पाणी काढू का. अजिबात हात लावू नका, सुई नाही, लेप नाही, तो मेंदूचा पडदा किंवा मेंदूचाच भाग हाडाच्या भोकातून बाहेर आलेला असू शकतो, एमआरआय आणि मेंदूचा सर्जन.

तिवसा तालुका : आमच्याकडे दोन एकर आहे, तेही कोरडवाहू. एवढा खर्च कसा करायचा? विकून टाकू का?

विकू नका, निदान आधी विकू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार लागतं. घोळ नेहमी एकच होतो, पोराचं नाव रेशनकार्डावर चढवलेलंच नसतं, तर तहसीलला जाऊन ते आजच बघा, भरती झाल्यावर नागपूरहून परत यायला लागू नये. दवाखान्यात शिरल्यावर कॅश काउंटरवर नाही, आधी आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणारा माणूस) टेबलावर जायचं, आणि कोणतं ऑपरेशन कोणत्या नावाखाली मंजूर झालं, त्यात एम्बोलायझेशन किंवा आयसीयू धरलंय का, ते विचारायचं. मूल १८ च्या आतलं असेल तर शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाला दाखवा, त्यांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातून पुढं पाठवणी होते. मोठ्या धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. आणि मी एक कटू गोष्ट सांगतो, ऑपरेशनचे पैसे कसेही जमतात, गाव वर्गणी काढतं, पण नंतरच्या गोळ्यांना वर्गणी निघत नाही. डेस्मोप्रेसिन महाग आहे. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकाकडे हा विषय ऑपरेशनच्या आधी काढा, सुट्टी व्हायच्या दिवशी नाही.

देवळी तालुका, वडील : नाकातून ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले. पोरगा वाकून चपला घालायला लागला की एका नाकपुडीतून पाण्याचे थेंब पडतात, म्हणतो घशात खारट लागते. सर्दीची गोळी कोणती द्यावी?

यांना मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं, इथं बाकीच्यांसाठी छापतोय. ही सर्दी धरून चालायचं नाही. शेंबूड चिकट असतो, दोन्हीकडून येतो, रुमालावर वाळला की कडक होतो. पातळ, नितळ, एकाच बाजूनं, वाकल्यावर वाढणारं आणि खारट पाणी म्हणजे मेंदूभोवतालचं पाणी गळतंय. ऑपरेशनच्या शेवटी कवटीला केलेलं भोक नाकाच्या पडद्याच्या कातडीनं, मांडीच्या पापुद्र्यानं, पोटाच्या चरबीनं बुजवतात, मुलांमध्ये ही कातडी कधीकधी पुरेशी लांब निघत नाही आणि कुठंतरी फट राहते. त्या फटीतून नाकातले जंतू वर जाऊन मेंदूज्वर होतो. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून, संडासला जोर लावायचा नाही, जड उचलायचं नाही, डोकं उशीवर उंच ठेवून झोपवायचं, नाकात कापूस कोंबायचा नाही, आणि नाकात तेलाचे थेंब तर मुळीच नाही. शक्य झालं तर स्वच्छ बाटलीत थोडं पाणी धरून न्या, तपासता येतं. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं यातलं काहीही असेल तर रात्रीच निघा, नसेल तरी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं, जिथं ऑपरेशन झालं तिथंच, रविवार असला तरी.